टेबलाखालचा होयबा

“परत म्हणजे? परत म्हणजे काय रे? माझी गाडी परत येत नसती. त्या गेटवाल्याला फोन दे. दे म्हणतो ना.”

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात माल रवाना करणारे डिस्पॅचचे काका फोनवर हे बोलत होते. बोलत होते असं मी सभ्यपणानं म्हणतोय. शेजारी पत्रा दाबायचा दीडशे टनी प्रेस धाडधाड चालू असताना काका ओरडले, की प्रेसवरचा माणूस मशीन थांबवून आधी बघायचा, आपलं काही तुटलं का. त्या दिवशीचा आवाज पाथर्डी फाट्यापर्यंत गेला असणार आणि तिथल्या रिक्षावाल्यांनी रिक्षा कडेला घेतल्या असणार. पलीकडे आमच्या ट्रकचा ड्रायव्हर होता, पुण्याजवळच्या एका मोठ्या मोटार कंपनीच्या गेटसमोर, एसटीडी बूथमध्ये. त्यानं रिसीव्हर ठेवून नुसतं बूथचं दार उघडलं असतं तरी त्याला सगळं ऐकू गेलं असतं.

मी दोन टेबलं सोडून बसलो होतो. माझ्या स्क्रीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, म्हणजे पास.

गाडी का परत येत होती ते कळायला आधी नंबराची भानगड कळायला हवी. आम्ही त्या मोटार कंपनीला पत्र्याचे दाबलेले भाग पुरवायचो. गाडी भरली की निघण्याआधी त्यांच्याकडून एक नंबर घ्यायचा, तो मालाबरोबर जाणाऱ्या चलनावर छापायचा, आणि त्यांच्या गेटवर तो जुळला तरच गाडी आत. हा नंबर काका वर्षानुवर्षं फोनवरून घेत आले होते. मग त्या कंपनीनं पत्र पाठवलं, की आता फोन बंद, नंबर इंटरनेटवरून त्यांच्या सर्व्हरकडे मागायचा. तो मागणारा प्रोग्राम लिहायला मला ठेवलं. दोन हजारचं दशक चार-पाच वर्षांचं झालं होतं, कारखान्यात प्रोग्रामर म्हणावा असा मी एकटा, आणि बसायला जागा कुठे, तर डिस्पॅचच्या खोलीत, बारदानाच्या गठ्ठ्यांना पाठ लावून.

काकांना डिस्पॅचमध्ये बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत त्यांची एकही गाडी परत आली नव्हती. हे मी फुगवून सांगत नाही, बाकी पुष्कळ फुगवून सांगतो. पुरावा म्हणून ‘परत माल’ असं लिहिलेलं लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर होतं. पहिल्या आठ पानांवर काकांच्या आधीच्या माणसाचं अक्षर, आणि त्यानंतर कोरी पानं, पिवळी पडलेली. कारखान्यात कुणी पाहुणा आला, की साहेब त्याला प्रेस दाखवायचे आणि काका कोरी पानं दाखवायचे. खंडेनवमीला सगळे आपापल्या मशीनला झेंडूचा हार घालायचे. काकांकडे मशीन नव्हतं. ते रजिस्टर चौरंगावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहायचे.

मार्चअखेरीला काका रिटायर होणार होते. तेव्हा जानेवारी संपत आला होता. त्यांना निरोपाला घड्याळ नको होतं, शाल नको होती. “ते रजिस्टर कोरंच्या कोरं पुढच्या माणसाच्या हातात ठेवतो,” ते म्हणायचे, “अन् सांगतो, आता तू भर.”

आता माझ्या थकव्याचं सांगतो, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी शनिवारी. विजेचा भार वाटून घ्यायला ती तशी ठरलेली, आणि रविवारी आमचा कारखाना सोमवारसारखाच धडधडत असायचा. त्या मोटार कंपनीची सुट्टी मात्र रविवारी. शनिवारी त्यांचा सर्व्हर चालू म्हणून साहेब म्हणायचे, ये. रविवारी आपला कारखाना चालू म्हणून साहेब म्हणायचे, ये. अशा रीतीनं दोन गावांच्या दोन सुट्ट्यांच्या मध्ये माझा आख्खा हिवाळा चिरडला. दिवाळीनंतर मला एकही सुट्टी मिळाली नव्हती. नाशिक रोडहून येताना मी शहर बसमध्ये दांड्याला धरून उभ्या-उभ्या झोपायचो. कंडक्टर मला अंबडला हात धरून उतरवायचा आणि चहाच्या टपरीच्या दिशेनं तोंड करून सोडून द्यायचा. घरी आईनं माझं ताट वाढणं बंद करून डबाच दोन मजली केला होता.

काम तसं सोपं होतं, पण ते तपासायचं कसं हा प्रश्न होता. प्रोग्रामचा एकेक तुकडा सुटा काढून त्याला विचारायचं, बाबा, तुला दिलेलं एवढंसं काम तू नीट करतोस ना. ह्याला युनिट टेस्ट म्हणतात. पण माझ्या प्रोग्रामचं निम्मं काम पलीकडच्या सर्व्हरशी बोलण्याचं. सुरुवातीला मी भाबडेपणानं टेस्टसाठी खऱ्या सर्व्हरलाच विचारत गेलो. एका सकाळी मी अठरा काल्पनिक गाड्यांचे नंबर मागितले आणि त्यानं अठराही दिले. दुपारी पुण्याहून फोन आला. त्यांच्या स्टोअरनं अठरा गाड्यांसाठी जागा रिकामी केली होती, फोर्कलिफ्टवाल्यांचं जेवण अडकवलं होतं, आणि दुसऱ्या एका पुरवठादाराच्या गाड्या बाहेर उन्हात उभ्या ठेवल्या होत्या. फोनवरचा माणूस खूप शांतपणे बोलला. म्हणाला, “गाड्या कुठंपर्यंत आल्या?”

मी म्हणालो, “अजून निघाल्या नाहीत.”

“मग निघणार कधी?”

त्यानंतर ताकीद आली, की टेस्टिंगसाठी त्यांच्या सर्व्हरला हात लावायचा नाही.

म्हणून मी खोटा सर्व्हर बनवला. खऱ्याच्या जागी उभा राहून खऱ्यासारखी उत्तरं देणारा. अकाउंट्सनं टाकून दिलेला एक कॉम्प्युटर माझ्या टेबलाखाली ठेवला, वायरींनी माझ्या आणि काकांच्या कॉम्प्युटरला जोडला आणि त्याच्यावर छोटासा प्रोग्राम चढवला. त्याच्या पंख्याचा आवाज असा होता, की पहिल्या दिवशी बाहेरचे हमाल हेलिकॉप्टर बघायला अंगणात जमले. तो नंबर मागितला की नंबर द्यायचा. गाडी रद्द करा म्हटलं की केली म्हणायचा. चुकीचा माल सांगितला तरी हो. शून्य नग सांगितले तरी हो. मी त्याचं नाव होयबा ठेवलं. काका टेबलाखाली वाकून बघत म्हणाले, “हा आपल्या साहेबांच्या मीटिंगला बसव. शोभून दिसेल.”

आणि इथेच मी हौस केली. होयबानं नुसता एक-दोन-तीन असा नंबर दिला असता तरी टेस्टला पुरलं असतं. पण मला वाटलं, खोटं करायचं तर झकास करावं. खऱ्या नंबरांची रचना मी काकांच्या जुन्या चलनांवरून शोधून काढली. आधी वर्ष, मग महिना, मग सहा आकडे. होयबा तसेच नंबर पाडायला लागला. कुणी दोन चलनं शेजारी ठेवली असती, तर खरं कुठलं हे मलाही सांगता आलं नसतं. मी त्या नंबरांकडे मोठ्या कौतुकानं बघायचो. खोट्याला खरं दिसायची एवढी हौस कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला, पण एका गाडीनंतर.

टेस्ट मात्र धडाधड हिरव्या. साहेब मागे उभे राहून म्हणायचे, “सगळं हिरवं म्हणजे झालं ना?” मी म्हणायचो, “झालं.” नाही म्हणायला त्राण लागतं.

साहेबांनी प्रोग्राम काकांच्या कॉम्प्युटरवर चढवायला लावला, पण काकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. नंबर प्रोग्रामनं आणला तरी ते फोन करून गेटवाल्याकडून पक्का करून घ्यायचे. आता ह्यात अडचण अशी, की डिस्पॅचच्या खोलीत फोनची लाईन एकच. मॉडेम त्याच लाईनवर. मॉडेम जोडला की आधी किरकिर, मग शिट्टी, मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज, आणि तोवर काका फोनचा रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत उभे. रोज तेच. शेवटी एकदा वैतागून मी त्यांना समोर बसवून समजावलं.

“काका, तुम्ही फोन कुणाला करता? माणसाला. माणूस चहाला जातो, रजेवर जातो. सर्व्हर जात नाही. त्याला रविवार नाही, सोमवार नाही. त्यानं नंबर दिला म्हणजे दिला.”

“त्याला सुट्टी नसती?”

“सर्व्हरला कसली सुट्टी.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे तुझ्यासारखाच हाय.” आणि त्या दिवसापासून त्यांनी पक्का करायचा फोन बंद केला. मला कोण आनंद झाला. तीन महिन्यांत मला मिळालेलं तेवढं एकच यश.

खरं म्हणजे त्या कंपनीचे लोक रविवारी जाताना सर्व्हर बंद करून जायचे. हे मला माहीत होतं. रविवारी भरलेली आमची गाडी नंबरासाठी सोमवारपर्यंत थांबायची, हे तर काकांनाही माहीत होतं. पण मी इतक्या ठासून सांगितल्यावर त्यांना वाटलं असणार, सुधारणा झाली.

मग तो रविवार आला. चलनाबरोबर जाणारी गेटची स्लिप काकांच्या प्रिंटरवर वेडीवाकडी छापली जायची. नंबर चौकटीच्या बाहेर, गाडीचा नंबर कागदाच्या भोकांवर. कारखान्यात तसा खडखड्या प्रिंटर तो एकच, काकांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. छापून बघायला नंबर हवा होता, आणि रविवारी नंबर देणार कोण, तर होयबा. म्हणून मी काकांच्या कॉम्प्युटरमध्ये सर्व्हरचा पत्ता लिहिलेली एक ओळ बदलली आणि तिथे होयबाचा पत्ता टाकला. एक ओळ. पंधरा-वीस स्लिपा छापल्या, पट्टीनं मोजल्या, चौकट जमली. आता ओळ परत बदलायची, एवढ्यात साहेबांनी वर बोलावलं. त्यांना एक रिपोर्ट हवा होता, आणि कसला रिपोर्ट हवा होता हे ठरवायला त्यांना दोन तास लागले. मी खाली आलो तो सरळ टपरीवर गेलो.

काका तिथेच होते. बशीत चहा ओतत म्हणाले, “आज नंबर आला बरं का. लगेच आला. किरकिर नाय, शिट्टी नाय.”

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. किरकिर नाही, म्हणजे मॉडेम लागलाच नाही. मॉडेम लागला नाही, म्हणजे नंबर कारखान्याच्या बाहेरून आलेलाच नाही. एवढं कळायला प्रोग्रामर असावं लागत नाही, जागं असावं लागतं. मी कपात बघत होतो. मी म्हणालो, “हो काका. सुधारलंय.”

गाडी रविवारी संध्याकाळी सिन्नरच्या रस्त्याला लागली.

आणि सोमवारी सकाळी काका फोनवर होते. ड्रायव्हरनं गेटवाल्याला बूथवर आणलं. ह्या गेटवाल्याशी काका पंधरा वर्षं बोलत आले होते आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मुलीच्या लग्नाला काकांनी कुरियरनं साडी पाठवली होती. फोनच्या ह्या टोकालाही त्याचं बोलणं ऐकू येत होतं, कारण काकांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता.

“काका, तुमच्यासाठी कधी नाही म्हणलोय का मी? पण ह्या नंबरची गाडी सकाळीच आत गेलीय. दुसऱ्या पार्टीची. आत उभी आहे, माल उतरतोय. एका नंबरावर दोन गाड्या कशा घेऊ? वरून आमचे साहेब विचारतात, हा नंबर तुम्हाला दिला कुणी?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “बघ रे, काल नंबर कुणी दिला?”

मी त्यांच्या कॉम्प्युटरपाशी गेलो. ती ओळ तशीच होती. मी इतका खऱ्यासारखा खोटा नंबर पाडला होता, की तो खरोखरच कुणाचा तरी निघाला. मी हळूच म्हणालो, “काका, तो होयबानं दिला.”

“कुणी?”

मी टेबलाखाली बोट दाखवलं. तो तिथे घरघरत बसला होता, अजून कुणाला नंबर हवा असेल तर द्यायला तयार.

काका आणखी ओरडतील असं मला वाटलं. मी खांदे आवळून तयारही झालो. ते फोनमध्ये म्हणाले, “ड्रायव्हरला दे.” मग म्हणाले, “परत ये. सावकाश ये.” हे इतकं हळू, की प्रेसवाल्यानं मशीन पुन्हा थांबवलं, काकांना काय झालं ते बघायला.

दुसरा काही इलाज नव्हता. चलन एकदा छापून गाडी निघाली की वाटेत नंबर बदलत नाही. माल कारखान्यात परत घ्यायचा, नवा नंबर, नवं चलन, मग पुन्हा जायचं. साहेब खाली आले आणि काय झालं विचारलं. मी तोंड उघडलं होतं. काका म्हणाले, “नंबर चुकला.” साहेबांना एवढं पुरलं, ते वर गेले.

दुपारभर गाडीची वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. मी ती ओळ बदलली, दोनदा तपासली, मग होयबाचे नंबर बदलले. सगळे नऊ-नऊ-नऊनं सुरू, शाळकरी पोरालाही खोटे वाटावेत असे. मग खुर्ची ओढून काकांसमोर बसलो.

“काका, ती माणसं नाही कशी म्हणतात ते सांगा.”

“कोण?”

“ती कंपनी. बावीस वर्षांत तुम्हाला कसकसं नाही म्हणाली?”

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग सुरू झाले. “जेवणाच्या टायमाला फोन वाजत राहतो, उचलत नाय. शिफ्ट बदलताना उचलत्यात अन् टेबलावर ठेवून देत्यात, तू हॅलो हॅलो करीत बस. कधी म्हणत्यात ‘झालं’, अन् लिहिलेलंच नसतं. महिनाअखेरीला अर्धा नंबर सांगून लाईन कट. नवा माणूस असला की दुसऱ्याचा नंबर तुला देतो.”

“आणि?”

“आणि काय. एकदा एक जण नंबर सोडून नुसताच मला शिव्या घालत होता. राँग नंबर होता तो.”

मी सगळं लिहून घेतलं, राँग नंबरासकट. त्या आठवड्यात होयबाला एकेक शिकवलं. विचारलं की गप्प बसायचं. अर्धं उत्तर देऊन तोडायचं. झालं अशी खूण पाठवून आत भलतंच लिहायचं. तोच नंबर दोनदा द्यायचा. पहिल्यांदा सगळ्या टेस्ट चालवल्या, तेव्हा स्क्रीन तिखटाच्या गिरणीसारखी लाल झाली. माझा तीन महिन्यांचा प्रोग्राम, कुणी नाही म्हटलं की काय करायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. लोक थकले की झोपतात. मी त्या लाल रंगाकडे बघून पहिल्यांदा नीट जागा झालो आणि माझ्या लक्षात आलं, की अजून तीन महिन्यांचं काम आहे.

पण ते पुढच्या दिवसांतलं. गाडी आली मंगळवारी सकाळी. आमच्याच गेटातून, आमचाच माल घेऊन. ड्रायव्हर खाली उतरला आणि उगाच टायरकडे बघत उभा राहिला, टायरचा काही दोष असल्यासारखा. माल उतरवताना हमाल एरवी गाणी म्हणायचे, त्या दिवशी त्यांनीही आवाज बंद ठेवला. काकांनी नग स्वतः मोजले. बरोबर भरले. सगळे होते.

मग त्यांनी कपाट उघडून लाल पाठीचं रजिस्टर काढलं. खंडेनवमीचं कुंकू पुठ्ठ्याच्या फटीत अजून होतं. चष्मा लावला, पेन झटकून बघितलं. नववं पान उघडलं. तारीख लिहिली. गाडीचा नंबर लिहिला. माल लिहिला, नग लिहिले. त्यांचं अक्षर सुरेख होतं, चलनावर असायचं तसंच. खाली सही केली.

मी शेजारी उभा होतो. म्हणालो, “काका, कारण म्हणून माझं नाव लिहा. नंबर मी बनवला होता, तुमची काही चूक नाही. पुढचा माणूस वाचेल तेव्हा त्याला कळू दे.”

काकांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, रजिस्टर माझ्याकडे वळवलं, आणि रकान्यांवरून बोट फिरवत म्हणाले, “कारणाचा रकाना नाय त्यात.”